सात हाली, सहा कलदार

शिवकांता पार म्हातारी झाली तरी ही गोष्ट सांगताना पदरात तोंड घालून हसायची. म्हणायची, "माणूस ओळखण्यात माझ्यावानी गाढव न्हाय बाई कुणी."

लगीन होऊन ती येडशीला आली वैशाखात. बार्शीची पोर, चार यत्ता शिकलेली, म्हणून नाक जरा वरच. दारात तांदळाचं माप भरून ठेवलेलं, सुनेनं ते पायानं लवंडून घरात यायचं. सासू गंगम्मा ओवाळायचं ताट घेऊन बाहेर आली, आन् सुनेचं माप सासूच्याच पायानं लवंडलं! तांदूळ पार पायरीपस्तोर. बाया "अगं बाई, अगं बाई" करायला लागल्या. पर गंगम्मा कसली वरमती? मान ताठच. म्हणती कशी, "लवंडलं तर लवंडलं. म्या बी या घरची सूनच हाय की. पंचवीस वर्सांमागं माझं माप नीट लवंडलं नव्हतं, ते आज केलं पुरं."

सगळ्या हसल्या. शिवकांता न्हाय हसली. तिनं मनात धरलं, बाई तोऱ्याची हाय, सुनेचं पाऊल घरात पडू द्यायची न्हाय. दुसऱ्या दिशी सकाळी बाजूनं जाऊन वाकली, "शरणार्थ, अत्याबाई," तर सासू वाऱ्यावानी निघून गेली. तिसऱ्या दिशी तेच. शिवकांतानं मायेला कागद लिहिला, सासू लई गर्वाची हाय, मान वळवून बघत सुदिक न्हाय. शिकलेल्या पोरींचं हे असं असतंय. दुखायच्या आधी कागद तयार!

आठव्या दिशी ती चुलीपाशी बसून भाकरीचं पीठ मळत होती. गंगम्मा तिच्या उजव्या अंगाला, हातभरावर. आन् ओरडत होती, "शिवकांता! अगं ए शिवकांता! कुठं उलथलीस?"

"अत्याबाई, इथंच हाय की."

गंगम्मानं सगळी मान वळवली. गाय वळवती तशी, खांद्यासकट. तवा कुठं तिला सून दिसली. "बाजूचं दिसत न्हाय गं मला," ती म्हणली. "समोरचं दिसतंय, पर चुलीच्या फुंकणीतनं बघितल्यावानी. वैदू म्हणतोय मोतीबिंदू हाय, पिकू द्या. पिकला का मग मिरजेला जाऊन काढायचा. तुझ्या सासऱ्याला वाढलंय म्हणून कुठं बोलू नको, त्यो परत देवाला नवस बोलत बसतोय."

शिवकांताचे हात पिठातच राह्यले. बार्शीला गेलेला कागद काय माघारी येणार नव्हता.

आता गंगम्माचं जरा सांगायला पायजे. ती नळदुर्गच्या नाणेवट्याची लेक. त्या वक्ताला आपल्याकडं निजामाचा हाली रुपया चालायचा, आन् बार्शी-सोलापूरला इंग्रजाचा कलदार. बाजाराला, सोयरिकीला, दवाखान्याला हद्द ओलांडायची म्हंजे रुपया बदलून घ्यावा लागायचा. तिचा बाप बाजारात सतरंजी टाकून तेच करायचा, सात हाली घ्यायचे, सहा कलदार द्यायचे, आन् मधला चिल्लर बट्टा आपला. लहानपणी दुसऱ्या पोरी फुगड्या खेळायच्या तवा ही बापाच्या मांडीशी बसून साता-सहाचा हिशेब घोकायची. लिहिता-वाचता येत नव्हतं तिला. पर रुपया म्हणला की पहिला सवाल, "कोणता?"

नवरा महालिंगप्पा. ठेसनाजवळ सोलापूरच्या एका पेढीचं कापसाचं जीन होतं, सरकी काढायचा कारखाना, तिथं हेडकारकून. माणूस देवगाय. मुंगीला बी "अवो, जरा सरकता का" म्हणणारा. अक्षर मोत्यावानी, पर सायबाच्या नावानं दोन ओळी लिहायच्या म्हणलं की लेखणी टाकून पाणी प्यायला उठायचा. घरात बारा तोंडं खाणारी. वर अणदूरला त्याच्या दोन इधवा बहिणी, त्यांना दर महिन्याला धान्य-कापडाला पैका जायचा. एकशे पासष्ट हाली पगार गावाला लई वाटायचा, घरात मात्र महिन्याच्या आखरीला डब्याचं बूड खरवडायला लागायचं.

लढाई लागली त्या साली, शिवकांता यायच्या आधीच्या दसऱ्याला, पेढीनं त्याला धा रुपये वाढ दिली. एकशे पंच्याहत्तर. त्या दिशी महालिंगप्पा घरी आला, बायकोच्या बरोब्बर समोर येऊन उभा राह्यला. समोरच उभं राहायचं, एवढं त्याला ठाऊक होतं, म्हंजे नवस बोलून झाला होता त्याचा! म्हणला, "साडेसात रुपये बहिणींच्या पोरांच्या शाळंला. वरचे अडीच तुझ्या डोळ्याचे. दोन वर्सांत मिरज." जवळच्या वाशीचा एक म्हातारा मिरजेला डोळा करून आला होता, त्यानं सांगितलेलं, जाणं-येणं, राहणं, सगळं धरून साठ हाली लागतात.

गंगम्मानं त्यासाठी एक मोगा, मातीचं बारकं मडकं, ठेवला. महिना झाला. मोग्यात अडीच आणे पडले. 

"वरचे दोन रुपये कुठं हायेत?"

"कापले," महालिंगप्पा म्हणला. "टिकस बसलं. इन्कमटिकस. पगार वाढला न्हवं."

टिकस म्हंजे सरकारचा कर, त्याच्यापुढं कुणाचं काय चालतंय? दर महिन्याला पगारातनं दोन रुपये पाच आणे सहा पै कापून यायचे, आन् मोग्यात अडीच आणे पडायचे. म्हंजे वाढ झाली ती बहिणींची झाली, आन् सरकारची झाली. डोळ्याची तेवढी राह्यली.

शिवकांता आली तवा हे असं आठ महिने चाललं होतं. गर्वाच्या कागदाची लाज तिला आतनं खात होती, म्हणून ती सासूच्या मागं-मागं करायची. न्हाय, मागं न्हाय, समोर-समोर. शेंगा फोडताना समोर बसायची, पाण्याला जाताना दोन पावलं पुढं चालायची. जेठात एक दिस गंगम्मानं तिला पगाराची चिठ्ठी वाचायला लावली. चिठ्ठीवर निजामाचा महिना एक, इंग्रजाचा दुसरा, आन् घरात जेठ तिसराच.

"पगार एकशे पंच्याहत्तर," शिवकांतानं वाचलं. "बारमाही एकवीसशे. दोन हजारांच्या वर, सबब कर दोन रुपये पाच आणे सहा पै."

"दोन हजारांच्या वर म्हंजे?"

"वर्साचा पगार दोन हजारांच्या आत असला तर टिकस न्हाय, अत्याबाई. आपला वर जातोय."

"दोन हजार कोणते?"

शिवकांताला समजलंच न्हाय.

"अगं, कायदा कुणाचा? इंग्रजाचा. इंग्रजाचे दोन हजार म्हंजे कलदार. आन् आपला पगार?" गंगम्मानं बोटं मोजायला सुरवात केली. पेर सात, पेर सहा. "हाली. सात हाली, सहा कलदार. एकशे पंच्याहत्तर हाली म्हंजे दीडशे कलदार. बारा दीडं अठराशे. अठराशे दोन हजाराच्या वर हाय का आत?"

"आत," शिवकांता म्हणली.

सोलापूरच्या दप्तरात चार कारकून, दोघांना चष्मा, इथं हेडकारकून मोत्याच्या अक्षराचा. आन् चूक घावली कुणाला? फुंकणीतनं बघणाऱ्या बाईला! येडशीचा हाली रुपया सोलापूरच्या वहीत गेला की कलदार व्हायचा. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. रुपयाला रुपयाच म्हणत्यात, तिथं घात झाला.

शिवकांतानं त्याच दिशी दरखास्त लिहिली. पगार हाली शिक्क्यात हाय, कलदारात अठराशे होतो, तरी कपात बंद व्हावी आन् कापलेलं माघारी मिळावं. गंगम्मा सांगत होती, ती लिहीत होती. शेवटाला "आपला आज्ञाधारक" लिहिलं तर गंगम्मा म्हणली, "आज्ञा बी आपणच धरायची आन् टिकस बी आपणच भरायचं. बरं, लिही."

संध्याकाळी महालिंगप्पानं कागद दोनदा वाचला. मान डोलावली. सही केली. घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. "उद्याच्या डाकेत घालतो."

आखाड गेला. श्रावण गेला. गंगम्मा विचारायची, "काय आलं का?" तो म्हणायचा, "मोठं दप्तर हाय. वेळ लागतोय." दसऱ्याला जीन सुरू व्हायच्या टायमाला सोलापूरचे हिंमतराव यायचे, पेढीचे दप्तर तपासनीस. दोन दिस राहायचे आन् जेवायला यांच्याच घरी. गंगम्मा म्हणली, विचारते त्यांना. तर महालिंगप्पा काकुळतीला आला, "पाव्हण्याला ताटावर पैशाचं विचारतात का? आपली दरखास्त वर हाय, विचार चाललाय." गंगम्मानं विचारलं न्हाय. नवऱ्याचा शब्द तिला पुरायचा.

मार्गशीर्षात शिवकांतानं सासऱ्याचा कोट धुवायला काढला. खिसे उलटे केले. आतल्या खिशात तिचंच अक्षर.

ती कागद हातात धरून उभी होती, तवर महालिंगप्पा दारात आला. बघितलं त्यानं. आन् त्या माणसानं, सासऱ्यानं, सुनेपुढं हात जोडले.

"सूनबाई, सांगू नका तिला. तीनदा डाकेपस्तोर गेलो. पेढीची चूक काढली आन् साहेब म्हणला, लई शहाणा झाला, जा घरी, तर ही बारा तोंडं, त्या दोघी, काय करू म्या? मोतीबिंदू तर पिकायचा हायच अजून. पिकेपस्तोर जमतंय की कसं बी."

शिवकांता अठरा वर्सांची. घरात येऊन वरीस झालं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचे जोडलेले हात कुठं ठेवायचे, हे काय चार यत्तेत शिकवत न्हाईत. तिनं कागद परत खिशात घातला. कोट वाळल्यावर आपल्या हातानं.

मग दर महिन्याला ती पगाराची चिठ्ठी वाचून दाखवायची, आन् गंगम्मा विचारायची, "कपात?" आन् ती म्हणायची, "हाय अजून." मोग्यात अडीच आणे पडायचे.

त्या साली गंगम्माची फुंकणी बारीक होत गेली. आधी समोर बसलेल्या सुनेचं तोंड सगळं दिसायचं. उन्हाळ्यात म्हणायला लागली, "तुझं नाक-डोळे दिसतात गं, कान कुठं ठेवलेस?" भाकरी थापताना काठ दिसेना, तर हातानं गोल फिरवून बघायची. रामलिंगाच्या देवळाला गेली तर पायरीवर बसलेल्या वांदरावरच पाय दिला. वांदर कचाकचा बोललं, ही म्हणली, "आरं, माझी सून बी बाजूलाच बसायची, तिनं कवा दात इचकले न्हाईत." बरोबरच्या बाया लोटपोट. शिवकांताला मात्र कोटातला कागद आठवायचा. दर थट्टेला आठवायचा.

पुढच्या दसऱ्याला हिंमतराव आले. आल्या-आल्या त्यांनी गठडी काढली. गंगम्मानं मागल्या खेपेला सांगून ठेवलेल्या दोन सोलापुरी चादरी. "वैनी, अगदी घरच्या भावात. सहा रुपये."

जेवणं झाली. हिंमतराव सुपारी कातरत पाटावर, महालिंगप्पा शेजारी. गंगम्मा आली, समोर बसली, आन् चादरीचे सहा रुपये एकेक करून त्यांच्या हातावर ठेवले. हिंमतरावांनी बघितलं आन् हसले.

"वैनी, नाणेवट्याची लेक तुम्ही, आन् हे हाली देताय व्हय? सोलापूरच्या चादरी, कलदारात घेतलेल्या. अजून एक रुपया आणा."

"रुपयाला रुपया न्हाय का म्हणायचं?"

"असं कसं? सात हाली, सहा कलदार. शेंबडं पोर सांगंल."

"मग तुमच्या दप्तरात एक शेंबडं पोर ठेवा की नोकरीला!" गंगम्मा म्हणली. "आमचा एकशे पंच्याहत्तर हाली तिथं कलदार कसा होतो? दोन वर्सं टिकस कापताय ते कोणत्या हिशेबानं?"

हिंमतरावांचा अडकित्ता थांबला. ओठातल्या ओठात त्यांनी भागाकार केला. मग कपाळावर हात मारला. "अरे तिच्या! दीडशेच की! महालिंगप्पा, अहो, तुम्ही एक ओळ लिहून दिली असती तरी म्या त्याच महिन्यात कपात थांबवली असती. चूक आमचीच हाय. बोलला का न्हाईत?"

शिवकांतानं दाराआड हातातला तांब्या खाली ठेवला. महालिंगप्पाचा हात कोटात गेला. त्यानं कागद काढला आन् हिंमतरावांपुढं ठेवला. घड्यांवर पार झिजून गेला होता, दोन ठिकाणी आरपार दिसत होतं.

गंगम्माच्या त्या बाजूला तर कवाच अंधार झाला होता. पर कान होते.

"कागद कसला वाजला?" ती म्हणली.

महालिंगप्पा म्हणला, "दरखास्त."

"कोणती?"

"तीच."

गंगम्मा उठली. खांब चाचपत आत गेली आन् सातवा रुपया आणून हिंमतरावांच्या हातावर ठेवला. "चादरीचं पुरं झालं," म्हणली.

हिंमतराव शब्दाचे पक्के. दुसऱ्याच महिन्यात कपात बंद झाली आन् पौषात दोन वर्सांचं कापलेलं माघारी आलं, छपन्न रुपये चार आणे. मोग्यातले मिळवले तर साठ झाले. माघात तिघं मिरजेला गेली, नवरा-बायको आन् शिवकांता.

तिथल्या डॉक्टरनं गंगम्माच्या डोळ्यात उजेड मारून लई वेळ बघितलं. मग महालिंगप्पाला बाजूला घेतलं, पर आवाज दोघींना बी ऐकू येत होता. तो मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू होता. मोतीबिंदू पिकवून काढता येतो, काचबिंदू पिकत न्हाय, नुसता खात जातो. गेलेली नजर माघारी येत न्हाय. दोन वर्सांमागं आणली असती तर होती तेवढी राखता आली असती. आता राखण्यासारखं फार न्हाय. उरलेलं वरीस-दीड वरीस चालंल.

महालिंगप्पा व्हरांड्यातल्या बाकावर बसला तो उठेना. पागोटं काढून मांडीवर घेतलं होतं. शिवकांतानं त्याला उघड्या डोक्यानं कवा बघितलं नव्हतं. पांढऱ्या केसांतनं टाळू लहान पोराच्यावानी दिसत होती. ती तिथनं निघाली आन् सासूच्या समोर जाऊन जमिनीवर बसली.

"अत्याबाई, त्यो कागद मला मार्गशीर्षात घावला होता. म्या सांगितलं न्हाय तुमाला. मामंजींनी हात जोडले म्हणून."

"ठाव हाय," गंगम्मा म्हणली.

"कुणी सांगितलं?"

"तूच. मार्गशीर्षापासनं चिठ्ठी वाचायच्या आधी खाकरायला लागलीस. म्हणलं, पोरीला पडसं न्हाय, मग घशात हाय काय?" ती पदराचं टोक चाचपत म्हणली. "म्या बी विचारलं न्हाय गं. विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं. मग त्या माणसाबरोबर राहायचं कसं म्या, रोज? म्हणलं, पिकायचा हाय अजून. जाऊ दे."

शिवकांता तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. गंगम्मानं तिच्या केसांतनं हात फिरवला, मग चेहऱ्यावरनं, मग दोन्ही कान धरून हळूच पिळले. "हे बघ, कान घावले."

पैशाचं म्हणाल तर साठातले चाळीस उरले. ऑपरेशनच झालं न्हाय, तर खर्च कसला? महालिंगप्पा ते चाळीस रुपये बायकोच्या हातात द्यायला गेला. तिनं मूठ उघडली न्हाय. "अणदूरला धाडा," म्हणली. परत तो विषय कुणी काढलाच न्हाय.

माघारी यायची गाडी सकाळची. डब्यात गर्दी नव्हती. महालिंगप्पा सवयीनं खिडकीशी जाऊन बसला. त्याच्या शेजारी शिवकांता. गंगम्मा डब्यात उभीच राह्यली.

"उठा तिथनं," ती म्हणली.

"का?"

"मला बसायचंय."

"खिडकीत नको," महालिंगप्पा म्हणला. "इंजिनाची कोळशाची कच येती. डोळ्यात जाईल."

डब्यातली एक बाई हसली. तिला काय ठाव, बिचारीला. शिवकांतानं खाली बघितलं. महालिंगप्पाला आपण काय बोललो ते समजलं तसं त्याचं तोंड पार उतरलं. पर गंगम्मा काय सोडती व्हय?

"जाऊ द्या की कच. डॉक्टरनं सांगितलंय का, कोळसा राखून ठेवा म्हणून? उठा."

"मला आत बसलं का मळमळतं," तो हळूच म्हणला. खरंच मळमळायचं त्याला.

"गाडी हालली की झोपता तुमी. झोपल्यावर कसली मळमळ?"

"म्या झोपत न्हाय गाडीत."

"येताना घोरत होता. कुर्डुवाडीपस्तोर."

"म्या घोरत न्हाय!" साहेबाच्या नावानं दोन ओळी न लिहिणारा माणूस, पर ह्याच्यावर मात्र पाय रोवून उभा. "डोळे मिटून नामस्मरण चाललं होतं माझं."

"नामस्मरणाला डब्यातलं पोर रडत उठलं व्हय? सूनबाई, सांग गं, घोरत होते का न्हाय?"

दोघं बी तिच्याकडं बघायला लागली. म्हंजे महालिंगप्पा बघायला लागला. गंगम्मानं मान तिच्याकडं वळवली, खांद्यासकट, आन् थांबून राह्यली.

शिवकांतानं खाकरलं न्हाय.

"घोरत होता, मामंजी," ती म्हणली. "लई."

महालिंगप्पानं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. मग पागोटं सारखं केलं, उठला, आन् आतल्या बाजूला येऊन बसला. गंगम्मा खिडकीशी सरकली, गजाला हात लावून बघितला, आन् तोंड बाहेरच्या अंगाला केलं. गाडी हालली. दुसरं ठेसन यायच्या आत तो घोरायला लागला, आन् गंगम्मानं मागं न बघता कोपरानं सुनेला ढोसलं.

"ऐक," म्हणली. "नामस्मरण."